सहाव्या घरातला मंगळ

॥ श्री ॥
मुलुंड, २० जून १९७३

ती. भाऊस,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

शेवंतीवहिनीने पाठवलेली आमसुलं आणि फणसाची साटं पोचली. पुडकं सोडलं आणि आमच्या दोन खोल्यांत आपल्या पडवीचा वास भरला. क्षमाने विचारलं की आई, रडतेस का, तर मी म्हटलं, तिखटाची फोडणी डोळ्यांत गेली. चुलीवर तेव्हा नुसता चहा होता.

आता कामाचं. क्षमा गेल्या वर्षी मॅट्रिक झाली आणि तेव्हापासून शिवणाच्या क्लासला जाते, ते तुला ठाऊक आहे. आमच्या चाळीत आयडा म्हणून आहे, ती इस्पितळात नर्स आहे. तिने क्षमाच्या डोक्यात नर्सिंगचं घातलं आणि आम्हाला कळायच्या आत घाटकोपरच्या इस्पितळात तिची निवडसुद्धा झाली. तिथेच हॉस्टेलवर राहून तीन वर्षं शिकायचं. पोरीचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

पण ह्यांनी तिची पत्रिका इथल्या पाच रस्ता नाक्यावरच्या एका ज्योतिष्यांना दाखवली. ते म्हणाले की मंगळ कर्केत पडलाय, नीचेचा. मंगळ म्हणजे रक्त, शस्त्र आणि धाडस. तोच दुबळा, तेव्हा मुलगी भित्री निघणार, सुरी-रक्ताच्या कामात तिचा घात होणार, विसाव्याच्या आत लग्न उरका. झालं. हे त्या दिवसापासून तेच धरून बसलेत. क्षमा म्हणते मी जाणारच. हे म्हणतात की गेलीस तर माझ्याशी बोलायचं नाही. तुझ्या मेहुण्याचा स्वभाव तू जाणतोस, एकदा तोंडातून गेलं की ते मागे येत नाही. बापलेक वेगवेगळ्या वेळी जेवतात आणि मी दोन्ही वेळा वाढते.

आबांची विद्या तुझ्याकडे आहे. पत्रिका सोबत पाठवते आहे, बघून खरं काय ते कळव. माझ्या समाधानासाठी गोड लिहू नकोस. लहानपणी माझी बाहुली विहिरीत पडली तेव्हा ती पोहायला शिकतेय म्हणून सांगितलं होतंस, तसलं आता चालायचं नाही.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर माया आहे ती असू दे.
तुझी,
मालन

॥ श्री ॥
आचरे, २ जुलै १९७३

चि. मालनास,
अंबादासचे अ. उ. आ.

बाहुली अजून पोहतेच आहे. परवाच डोकावून आलो.

पत्रिका उघडली आणि पहिल्यांदा आबांचं अक्षरच बघत बसलो. क्षमाच्या जन्माची वेळ तुमच्याकडून कळली त्या दिवशीचे आबा मला दिसतात. ओटीवर झोपाळ्यात बसून, एक पाय खाली टेकवून, मांडीवर पाटी. गणित करताना ते झोपाळा थांबवायचे आणि उत्तर आलं की सोडायचे. आई होती तेव्हा ती चुलीपाशी असली तरी झोपाळ्याच्या कड्यांच्या आवाजावरून ओळखायची की पत्रिका झाली. त्या दिवशी मी मागून वाकून बघितलं आणि म्हटलं, आबा, मंगळ नीचेचा. ते म्हणाले की असू दे, आणि झोपाळा सोडला.

'नीच' ह्या शब्दाला मीही लहानपणी भ्यायलो होतो. माझा जन्म दिवाळीतला, आणि दिवाळीच्या सुमारास रवी तूळ राशीत म्हणजे नीचेचा असतोच. ते कळलं तेव्हा मी जेवलो नव्हतो. आबांनी मला जवळ घेऊन विचारलं की दिवाळीत जन्मलेली सगळीच पोरं वाया गेली असती, तर गावात पणत्या कोणी लावल्या असत्या? नीच म्हणजे वाईट नव्हे, मालन. तो ग्रह खालच्या अंगाला बसलाय, त्याचा जोर कमी आहे, एवढंच.

जोर कमी असलेला ग्रह दिसला की आबा दोन गोष्टी बघायचे. तो कुठे बसलाय आणि त्याच्या शेजारी कोण आहे. क्षमाचा मंगळ सहाव्या घरात आहे. ते घर रोगाचं आणि शत्रूचं. तिथे असला तापट ग्रह असलेला बराच असतो, तो रोगाशी भांडतो. आणि शेजारी गुरु आहे, तोही कर्केतला, म्हणजे आपल्या उच्च राशीतला. अशक्त माणसाच्या खांद्यावर वडीलधाऱ्याने हात ठेवावा तसं ते आहे. ह्याला नीचभंग म्हणतात. सहावं घर सेवेचंही धरतात, हे तुमच्या ज्योतिष्यांना सुचलं नाही की घाई होती, देव जाणे. काही ग्रह तर दुबळेच चांगले. शेजारी भांडखोर असला तर तो किरकोळ अंगाचा असावा, असं आबा म्हणत.

आता माझं ऐक. मी पत्रिका पाहून होकार देतोय असं समजू नकोस. पोरीला काय हवंय ते पत्रिकेत लिहिलेलं नसतं, ते तिलाच विचारायचं असतं. तिने सांगितलं असेल तर तिला जाऊ दे. श्यामसुंदररावांना मी वेगळं पत्र घालतो. त्यांच्याशी वाद घालू नकोस, नुसती क्षमाची ट्रंक भर.

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. आठवण काढत जा, आम्ही काढतोच.
तुझा भाऊ,
अंबादास

॥ श्री ॥
घाटकोपर, १४ नोव्हेंबर १९७३

ती. मामास,
क्षमाचा शि. सा. न. वि. वि.

मामा, ह्या पत्राचं आईला कळवू नकोस. मी इथे ठीक आहे, जेवण बरं आहे, मैत्रिणी झकास आहेत. पेट्रिशिया म्हणून वसईची मुलगी माझ्या शेजारच्या खाटेवर असते, ती मला केक देते आणि मी तिला आईचे लाडू.

पण परवा माझी वाट लागली. आम्हाला पहिल्यांदा ऑपरेशन बघायला नेलं होतं. डॉक्टरांनी सुरी लावली, लाल रेघ उमटली एवढंच मला आठवतं. डोळे उघडले तर मी बाहेरच्या बाकावर आणि पेट्रिशिया तोंडावर पाणी मारतेय. सिस्टर काही रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की होतं असं. पण काल जखम धुवायला दिली तेव्हाही हात इतके थरथरले की त्या पेशंटनेच माझी कीव केली.

ज्योतिष्यांचं बरोबर होतं का रे? तू आईला लिहिलेलं पत्र मी तेव्हा वाचलं होतं. गुरु शेजारी आहे वगैरे. ते खरं होतं की माझ्यासाठी आईला पटवलंस? बाबा मला सोडायलासुद्धा आले नाहीत. दिवाळीला घरी गेले होते, तर पेपर तोंडासमोर धरून बसले. आता परत गेले तर ते बोलतील, पण मग आयुष्यभर मीच गप्प राहीन असं वाटतं. खरं काय ते लिही ना.

मामीला नमस्कार. रागावला नसशील तर लवकर उत्तर दे.
तुझी,
क्षमा

॥ श्री ॥
आचरे, २१ नोव्हेंबर १९७३

चि. क्षमास,
मामाचे अ. उ. आ.

पत्र खोटं नव्हतं. पण अर्धंच समजलीस, आणि तो दोष लिहिणाऱ्याचा. नीचभंग म्हणजे दुबळेपणा नाहीच असं नव्हे. आधी नीच असतं, मग त्याचा भंग होतो. मधला वेळ माणसाने काढायचा असतो. तू आत्ता त्या मधल्या वेळात आहेस.

तुला तुझ्या आजीची गोष्ट सांगतो. ती तुझ्या जन्माआधीच गेली, आणि तुझी आई तेव्हा फार लहान असल्यामुळे तिलाही ही धड आठवणार नाही. आजी काही सुईण नव्हती, पण वाडीत बाळंतीण अडली की लोक तिलाच बोलवायला यायचे. बोलावणं आलं की ती आधी परसात जायची. मला वाटायचं लुगडं बदलायला जाते. एकदा मागे गेलो तर माडाला धरून ओकत होती. मग तिने तोंड धुतलं, कुंकू सारखं केलं, आणि मला म्हणाली की चल, कंदील धर. वाटेत मी विचारलं की भीती वाटते तर जातेस कशाला. ती म्हणाली की त्या अडलेलीला माझ्यापेक्षा जास्त वाटतेय. हे तिचं शेवटपर्यंत चाललं. ओकणंही थांबलं नाही आणि जाणंही.

तिची पत्रिका आमच्याकडे नाही. तिच्या माहेरी मुलींच्या मांडायची पद्धत नव्हती. असती तर तिचाही मंगळ मी बघितला असता.

तुला परत यायचं असेल तर ये. तुझ्या बाबांसमोर मी तुझ्या बाजूला उभा राहीन, आणि राहायचं असेल तरीही राहीन. पण ठरवायच्या आधी आणखी एक जखम धू. हात थरथरले तर थरथरू देत, फडकं स्वच्छ असलं म्हणजे झालं.

मामी विचारते की इथून पोहे पाठवू का. तब्येत सांभाळून असावं.
तुझा,
अंबादासमामा

॥ श्री ॥
मुलुंड, १९ फेब्रुवारी १९७६

ती. भाऊस,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

बरेच दिवस पत्र नाही म्हणून काळजीत असशील. आता सगळं ठीक आहे, हे आधी लिहिते आणि मग झालं ते सांगते. गेल्या महिन्यात कारखान्यात ह्यांचा उजवा हात यंत्रात गेला. दोन बोटं काढावी लागली. हात वाचला, देवाची कृपा. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले की रोज मलमपट्टी झाली पाहिजे.

क्षमाचं हे शेवटचं वर्ष. तिने सिस्टरना सांगून ड्यूटी बदलून घेतली आणि रोज संध्याकाळी घाटकोपरहून यायला लागली. अडीच वर्षांत ह्यांनी तिच्याशी अवाक्षर काढलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती आली, हात धुतले, पाटावर बसली. ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि हात पुढे केला. तिने पट्टी सोडायला घेतली. मी पाण्याचं भांडं धरून उभी होते, मला वाटलं की ह्या घरात आता मीच तेवढी बोलणारी उरले. असं रोज चाललं. ती यायची, पट्टी करायची, माझ्याशी दोन शब्द बोलून परत जायची. आयडा म्हणाली की पोरीचा हात किती हलका आहे, आम्हालाही असं जमत नाही. ह्यांनी ते ऐकलं, पण ऐकलंसं दाखवलं नाही.

मग मागच्या आठवड्यात जखमेचा वरचा भाग चिकटून बसला होता, तो सोडवायचा होता. क्षमाने चिमटा हातात घेतला आणि तिचे हात थरथरायला लागले. दुसऱ्या कोणाची जखम असती तर नसते थरथरले, भाऊ, बापाची होती म्हणून. ती थांबली. चिमटा खाली ठेवला, पुन्हा उचलला. ह्यांनी मान वळवली आणि तिच्या हातांकडे बघितलं. कपाळावर घाम आला होता त्यांच्या, ओठ पांढरे पडले होते. आणि ते तिला म्हणाले की भिऊ नको गं, दुखत नाही.

तिने पट्टी पूर्ण केली. एकदाही वर बघितलं नाही, पण पाण्यात टपटप पडत होतं ते मला दिसत होतं. ती चप्पल घालायला लागली तेव्हा हे मला म्हणाले की तिला जेवल्याशिवाय सोडू नकोस. मग स्वतःच तिला म्हणाले की जेवून जा. त्या रात्री आम्ही तिघं एकत्र जेवलो. डाव्या हाताने त्यांना घास घेता येईना, तर तिने कालवून दिलं.

आबा-आई असते तर त्यांना सांगितलं असतं. आता तूच आहेस. लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
मालन

॥ श्री ॥
आचरे, २८ फेब्रुवारी १९७६

चि. मालनास,
अंबादासचे अ. उ. आ.

तुझं पत्र शेवंतीला वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच तिच्या हातात दिलं. पुढचं तिनेच मला वाचून दाखवलं.

तुझं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट मी आजवर तुला सांगितली नव्हती. पत्रिका जुळवताना आबा खूश होऊन म्हणाले होते की जावयाचा मंगळ मकरेचा आहे, उच्चेचा, शब्दाचा पक्का माणूस. तसेच निघाले. पण उच्चेच्या मंगळाला माघार घेता येत नाही, मालन. लेक घरी येत-जात असताना अडीच वर्षं गप्प राहायला केवढं बळ लागलं असेल. एवढं बळ नसतं तर ते पहिल्याच दिवाळीला बोलले असते. आबांनी हा कोपरा बघितला नव्हता, मीही नाही.

हात भरला की सगळे इथे या. पडवी शाकारून ठेवतो.
तुझा भाऊ,
अंबादास

॥ श्री ॥
मुलुंड, ११ एप्रिल १९७६

रा. रा. अंबादासराव यांस,
श्यामसुंदरचा सा. न. वि. वि.

मला अजून पेन धरता येत नाही, म्हणून मी सांगतो आहे आणि चि. क्षमा लिहिते आहे. अक्षर तिचं, मजकूर माझा.

१९७३ साली आपण मला पत्र घातलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. ते आज देतो आहे. आपण लिहिलं होतं की मुलीला जाऊ द्यावं. ती गेली, हे बरं झालं.

कारखान्यात मला आता स्टोअरमध्ये बसून काम दिलं आहे. तिची परीक्षा लवकरच आहे. नंतर नर्सची टोपी द्यायचा समारंभ असतो, त्याला आईवडिलांना बोलावतात म्हणे. मी जाणार आहे. कोट इस्त्रीला टाकला आहे. आपण आणि शेवंतीवहिनी त्याआधी आलात तर चौघं मिळून जाऊ.

माझी मुलगी कामाला चोख आहे.

(मामा, हे वाक्य मी लिहीत नव्हते. बाबांनी तीनदा सांगितलं आणि लिहिलं की नाही ते वाकून बघितलं, म्हणून लिहिलं. क्षमा.)

येण्याचं नक्की कळवावं, घ्यायला एस.टी. स्टँडवर मी स्वतः येईन.
आपला,
श्यामसुंदर