प्रमाण डोळा

५ जानेवारी १९८७, सोमवार
तिघेही उमेदवार प्रयोगशाळेत हजर. चंद्रप्रकाश, भौतिकशास्त्र, मुलुंडहून येतो. भीमराज, मानसशास्त्र, चेंबूर. डॉ. नलिनी, डोळ्यांची डॉक्टर, घाटकोपर. वर्षभरात तिघांना एकमेकांचं शास्त्र शिकवून दृष्टीचे संशोधक करायचं. अंधेरीत असं काम पूर्वी झालेलं नाही. शिस्त असली की होतं.
संकल्प: ओरडायचं नाही.

दुपारी
ओरडले. वाटेत स्टूल ठेवलं होतं, नडगी सोलली. भीमराज म्हणाला, मॅडम, ते भिंतीलाच होतं ना. मानसशास्त्रात उलट बोलायचा पेपर असतो वाटतं.

९ जानेवारी
उपकरण तयार. केटररकडची मोठी कढई चंद्रप्रकाशने आतून पांढरी रंगवली आणि बारीक दिवे बसवले. काठावर हनुवटी टेकायची, मधल्या काळ्या ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला दिवा लागला की बटण दाबायचं. माणसाला आजूबाजूचं किती दिसतं ते कळतं. पोरं खूश. झकास झालीय, म्हणतात.
आधी प्रमाण ठरवायला हवं. नलिनी म्हणाली, पाचपन्नास निरोगी माणसं तपासू. इतका वेळ कोणाला आहे? कॉलेजात असल्यापासून माझे डोळे उत्तम, चष्मा फक्त वाचायला. माझाच डोळा प्रमाण. मी बसले.
कडेचे दिवे लागतच नाहीत. चंद्रप्रकाश म्हणाला, लागतायत मॅडम, शप्पथ. मी म्हटलं, शपथा घ्यायला हे कोर्ट नव्हे, वायरिंग तपास.

१४ जानेवारी, संक्रांत
नलिनी तिळगूळ घेऊन बराच वेळ बाजूला उभी होती म्हणे. तोंडाने बोलायला काय झालं होतं? वर विचारते, मॅडम, तुमच्या घरी कोणाला काचबिंदू होता का? मी म्हटलं, वडिलांना शेवटी दिसत नव्हतं, पण ते वयामुळे. ती म्हणाली, डोळ्यांचा दाब मोजू या ना, दोन मिनिटांचं काम आहे. पुढे मागे शिफारस हवी असणार. ही लाडीगोडी मी ओळखते.

१९ जानेवारी
तिघांना कढईत बसवलं. तिघांनाही कडेचे सगळे दिवे दिसले! प्रमाण डोळ्याला दिसत नाहीत ते यांना दिसतात. म्हणजे अंदाजाने बटण दाबतात.
उपाय काढला. दिवा लागताना आत टक असा आवाज होतो. यापुढे मधूनमधून नुसतं टक करायचं, दिवा लावायचा नाही. तरी बटण दाबेल तो खोटारडा. नियम सर्वांना लागू.

२० जानेवारी
रिकाम्या ‘टक’ला कोणीच फसलं नाही. दिवे मात्र सगळे दिसले. चंद्रप्रकाश आतून सामील आहे, आणि डोकं नलिनीचं. तिला बजावलं: अनुदान देणारी दिल्लीची समिती येऊन गेली की तुझं नाव कमी. ती रडली नाही. म्हणाली, काढा मॅडम, पण आधी दाब मोजून घ्या.
घरी माझ्या धाकट्या बहिणीने, मालनने, आमटीची वाटी पुन्हा माझ्या कोपराशी ठेवली. सांडली. म्हणते, ताई, गेलं वर्षभर वाटी तिथेच असते गं.
पार्ल्याच्या बाजारातही हल्ली लोक धक्के मारत चालतात. कोणाला शिस्त नाही.

२७ जानेवारी
उद्या समिती. प्रात्यक्षिकाला प्रमाण डोळा म्हणून मीच बसणार. भीमराज म्हणाला, मॅडम, नका ना बसू. घाबरट.
दिवे मंद असले तरी टक ऐकू येतंच. डोळ्याला कानाने मदत केली तर बिघडलं कुठे? अनेक शास्त्रं एकत्र आणणं म्हणजे हेच.

२८ जानेवारी, दुपार
उत्तम झालं. एकही टक सोडलं नाही, दरवेळी बटण दाबलं. समितीचे अध्यक्ष स्वतः नेत्रतज्ज्ञ. त्यांनी मध्येच पेन खाली ठेवलं. भारावले असावेत.

संध्याकाळी
भीमराजला विचारलं, कसं झालं? तो खाली बघत म्हणाला, मॅडम, कडेची निम्मी टकटक रिकामी होती. तुमचाच नियम. मी म्हटलं, कोणी रिकामी ठेवली? चंद्रप्रकाश म्हणाला, मी. नलिनी नको म्हणत होती.
मला दिवे दिसले होते. टक झालं की दिसायचेच.

३० जानेवारी
नलिनीने दाब मोजला. दोन्हीकडे फार. काचबिंदू. मी म्हटलं, तुझं यंत्र तपासून घे. तिने तपासून पुन्हा मोजला. तेवढाच. जे गेलं ते परत येत नाही म्हणते, उरलेलं औषधाने राखायचं. उरलेलं किती, ते मी विचारलं नाही.

२ फेब्रुवारी
नलिनीचं नाव कमी करण्याचा विचार तूर्त रहित. प्रमाण नव्याने ठरवायचं, निरोगी माणसं नलिनीच गोळा करणार. माझा कागद तिने वेगळ्या फायलीत ठेवला. रुग्णांच्या.
संकल्प: थेंब वेळेवर घालायचे. ओरडायचं नाही.
संध्याकाळी ती मला पार्ल्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, मी तुमच्या उजवीकडून चालते. चालत असावी. खात्रीसाठी मधूनमधून हात लावून पाहिला.