सात काळे दाणे

१९ जानेवारी
शेवटी शुन्नोलाच नेमलं. सव्वीस वर्षांपूर्वी एकाच सकाळी दीक्षेसाठी आम्हा दोघांची डोकी भादरली. उद्यापासून आचार्यांचा दोन वेळचा नैवेद्य घेऊन समाधीच्या आत तो जाणार. आत जाणारा एकच, आणि आत काय पाहिलं ते मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. मी रांधणार. तोंडाला फडकं बांधून, चव न घेता, आजवर रांधलं तसंच. मठाधिपती म्हणाले, "तुझ्या हाताला तोड नाही, एन्जुन." म्हणजे हातानंच घात केला.

आचार्य हजार वर्षं ध्यानात बसलेत. घाई त्यांना नाही. मला आहे.

२० जानेवारी
गुडघाभर बर्फ. शुन्नो परतला. चेहरा सपाट. "तिळाचा टोफू फार हलत होता. सांभाळून न्यावा लागला." बस. टोफू!

२ फेब्रुवारी
विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलं.
"आत थंडी असते का रे?"
"बाहेर असते तेवढीच."

११ फेब्रुवारी
हे फक्त इथं लिहितो. काळ्या सोयाबीनचे गोड शिजवलेले दाणे मोजून सात पाठवतो. वाटी परत आली की पुन्हा मोजतो. सात. रोज सात. सव्वीस वर्षं भरली वाटी जाते, भरलीच परत येते. आणि शुन्नो, काही न रांधता, आत जाऊन सगळं पाहून येतो.

२७ फेब्रुवारी
शुन्नोनं पकडलं. "वाटीत एवढं वाकून काय बघतोस? विहिरीत घागर पडली की काय?"
म्हटलं, केस पडलाय का बघतो.
"आपल्या दोघांच्या डोक्यांवर मिळून एक केस नाही, एन्जुन."

२८ फेब्रुवारी
सहा.

१ मार्च
पाठवताना दोनदा मोजले. सहाच परत आले. कुणीतरी घेतलं, माझ्या हातचं! तासभर आनंद टिकला. मग लक्षात आलं. तो दाणा उचलला जाताना शुन्नोनं पाहिलं असणार. दाणा माझा, डोळे त्याचे.

१७ मार्च
रोज सहा. त्याच्याशी बोलणं सोडलंय. जेवताना त्यानं मुळ्याचं लोणचं माझ्याकडे सरकवलं. मी परत सरकवलं.

२९ मार्च
शुन्नोचे गुडघे गेले. समाधीच्या पायऱ्यांवर बसला तो उठेचना. त्याच्या जागी मला नेमलं. लिहायला लाज वाटते, पण पहिला विचार आला तो हा – मिळालं एकदाचं. रांधायला आता टोकुए. सुतार होता, बायको गेल्यावर साठीत दीक्षा घेतली.

शुन्नोच्या खोलीत गेलो. म्हटलं, "काही सांगायचंय?"
"तिसरी पायरी निसरडी आहे."
निघालो तर मागून म्हणाला, "टोकुएकडे लक्ष ठेव. चुलीपाशी माणूस फार एकटा असतो."

१ एप्रिल
आत गेलो. त्याबद्दल लिहिणार नाही.

वाटी टोकुएच्या हाती दिली. त्यानं झाकण काढलं आणि वाकून बघत राहिला. फडक्याआड ओठ हलत होते. मोजत होता. मग भांडी घासायला बसला.

२ एप्रिल
परत निघताना दाराआड थांबून एक दाणा मी खाल्ला.

जेवताना लोणचं शुन्नोकडे सरकवलं.