तव्यावर उरलेला बटाटा

मंगळवार, बजाजनगर

आज स्वतःचीच किळस आली. माझी बायको सुनीता कंपनीतून सहाला आली ती तशीच ओट्यापाशी उभी राहिली. मोठे बटाटे उकडून पोखरले, आत पनीर, कांदा, दाण्याचं कूट भरून खरपूस भाजले. मी तीन खाल्ले. मग आमची आठ वर्षांची गौरी म्हणाली, "आई, तुझा बटाटा कुठंय?"

सुनीताच्या ताटात नुसता पोखरून काढलेला गर होता, मीठ लावलेला.

माझी आई म्हणाली, "बाईमाणसाला काय, तेवढं बास हाय."

गौरीनं आपला बटाटा उचलून सुनीताच्या ताटात ठेवला. तव्यावर एकच उरला होता.

"घ्या की, गार होईल," सुनीता मला म्हणाली.

मी ताट पुढं केलं. केलंच कसं?