मंद आचेवरचे मटण

सौ. कुंदा हीस,

तू कापसाच्या वेचणीवरून परतशील तेव्हा मी घरी नसेन. चुलीवर मटण आहे. जाळ वाढवू नये. मंद विस्तवावर अजून तासभर शिजू द्यावे, म्हणजे ते जिभेनेच तुटेल. सुनंदाचा जबडा हलत नाही, हे तू जाणतेसच. रश्शात तिखट घातलेले नाही, कारण तिच्या ओठांचे टाके ओले आहेत.

दुपारी तिचे यजमान तिला परत न्यावयास आले. मी पाट्यावर मसाला वाटीत होतो. ज्या हाताने तिला मारले, त्याच हाताने त्यांनी मटणाचा तुकडा दाबून पाहिला आणि हसून म्हणाले, "कच्चं हाय ना लेका. तुह्या बहिणीसारखंच हाय हे, ठेचल्याबिगर नरम होत नाई." सुनंदाने ते ऐकले. त्या समयी माझ्या हाती वरवंटा होता.

ते जिवंत आहेत. शेजाऱ्यांनी त्यांना ऑटोतून दवाखान्यात नेले. मी स्वतःहून राळेगावच्या ठाण्यात हजर होण्यास जात आहे.

पाट्यावरचे वाटण टाकून द्यावे, ते खाण्याजोगे राहिलेले नाही. वरवंटा मात्र धुवू नये, तो पोलिसांस लागेल. आईने कितीही समजाविले तरी सुनंदाला सासरी धाडू नये. तिला आधी वाढावे. मटण ठेचल्यावाचून मऊ झाले, एवढे तिला सांगावे.

तुझा,
भाऊराव