टेबलावरचं गाव

बाईसाहेब,

तू गेल्यानंतरचा हा माझा पहिलाच दौरा. कारखान्याचा बॉयलर तपासून झाला, तरी लगेच परतीची गाडी धरली नाही. "नुसतं काम उरकून आलात तर घरात घेणार नाही," असं तू अंथरुणातून बजावायचीस ना! म्हणून गावभर पायपीट केली. पाय दुखले तेव्हा शिव्या तुलाच घातल्या.

घरी आल्यावर तुझ्या खाटेशेजारच्या टेबलावर दर दौऱ्यानंतर तुला दाखवायला मांडायचो, तसं हेही गाव मांडलं. चमच्याची नदी, मिठाच्या बरणीचा मनोरा. मांडून झालं की तू तुझा कप कुठेतरी ठेवून म्हणायचीस, "हे माझं घर."

नदीकाठी जागा छान आहे गं. मनोऱ्यामागे सावलीही आहे.

कप मघापासून हातातच आहे. कुठे ठेवू?

तुझाच,
फिरस्ता