छत्तीस फोटोंचा रोल

३ जून

लेक म्हणते, "आई, फोटोग्राफर तू ठरव, नाहीतर मी ठरवते." पन्नाशीत दुसरं लग्न करतेय तेच पुष्कळ, वर फोटो! बावीस माणसं, दोन सह्या, संपलं. मास्तरांना फोन केला. वाटलं, नवरामुलगा तरी माझ्या बाजूने बोलेल. तर हे महाशय — "एक तरी असू दे हो. मला भिंतीवर लावायचाय."

आता ह्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

५ जून

पहिला उमेदवार येऊन गेला. "मॅडम, दोघं हात धरून पळत या, मग थांबा, मग वळून हसा." मास्तरांचे गुडघे बघितलेत का म्हटलं! लेकीने डोळे वटारले. जाता जाता म्हणाला, "आधीच्या लग्नाचा अल्बम असेल तर दाखवा, चेहरा कुठून चांगला येतो ते कळेल." मी पाणी आणायला म्हणून उठले ती आतच बसले.

६ जून

अल्बम नाहीच. छत्तीस फोटोंचा एकच रोल होता, आणि त्या वेंधळ्या फोटोग्राफरने मध्येच कॅमेरा उघडला. उजेड लागला, सगळा रोल गेला. एकही फोटो नाही! आठवडाभर रडले होते मी.

मग लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला हे खुर्ची ओढून शेजारी बसले. मांडीवर कोरी वही उघडली — "पान पहिलं. तू दारात. चप्पल सापडत नाहीये." अशी छत्तीस पानं! मामा तोंड उघडं टाकून झोपलेत. आत्या रुसून खिडकीकडे तोंड करून बसल्यात. ह्यांच्या शर्टाची बटणं एक घर चुकलीत. मी काही मागेपुढे केलं की लगेच — "छे, ते पुढच्या पानावर!" एकवीस वर्षं, दर वर्षी. एकदा तापाने फणफणले होते तरी चुकवलं नाही.

हे गेले त्याला सहा वर्षं झाली. परवा एकटीने वही उलटायला घेतली. नवव्या पानावर अडकले. काही केल्या आठवेना! विचारायचं तरी कुणाला? आता भिंतीवर नवे फोटो लागले की उरलीसुरली पानंही जातील. फोटो नको म्हणते ते ह्यासाठी. मास्तरांना कसं सांगू?

९ जून

कामावर, चष्म्याच्या दुकानात, आज एका बाईंचा उजवा डोळा दोनदा तपासला. डावा राहिलाच. त्या म्हणाल्या, "तुमचेच तपासून घ्या!"

१२ जून

मास्तर म्हणाले, शाळेत वर्गाचे फोटो काढायला एक जण येतो तो बघू या, पोरांवर ओरडत नाही. गेलो. बोळातलं अरुंद दुकान, मागे निळा पडदा, एक डगमगतं स्टूल. आतून मालक आला. तो रोल घालवणारा वेंधळा! तोच! केस गेलेत, पण तोच.

"वहिनी?" म्हणाला.

मी सत्तावीस वर्षांचं साठलेलं एका दमात बाहेर काढलं. "आमचं लग्न पुसून टाकलंत तुम्ही!" त्याने मान खाली घातली. मास्तरांनी मला हळूच बाहेर आणलं, चहा पाजला. मग मी रडत रडत त्यांना आठ पानं सांगितली. वाटलं, बिचाऱ्याला कसं वाटत असेल! तर ते विचारतात, "आत्या रुसल्या कशाला होत्या?"

१५ जून

लाज वाटतेय. त्या म्हाताऱ्या माणसाला मी काय वाट्टेल ते बोलले. चूक झाली त्याच्या हातून, जीव तर नाही घेतला! उद्या जायचं, मोठ्या मनाने माफ करायचं आणि काम त्यालाच द्यायचं. लेक म्हणते, "आई, तू आणि माफ?"

१६ जून

गेले. ऐटीत म्हटलं, "झालं गेलं विसरा. मी तुम्हाला माफ केलंय. लग्नाला तुम्हीच या." तो लेन्स पुसत होता, थांबला. "वहिनी, दादा आता नाहीत म्हणून सांगतो. कॅमेरा मी नव्हता उघडला. किती फोटो उरलेत बघायला दादांनीच मागचं झाकण काढलं. मग माझा हात धरून म्हणाले, हिला सांगू नका हो, आल्या आल्याच अबोला धरेल."

फोटोग्राफर ठरला. घरी आले, दार लावलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच ह्यांच्याशी भांडले. चांगली तासभर!