जळक्या डोंगरावरचा गुच्छ

१२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी माझं नाव टाकलं असेल, तर टाकू देत. कॉलेज सोडल्याचा मला जराही पस्तावा नाही. इथे पायथ्याच्या दुकानात चढाईचे बूट भाड्याने देतो आणि रविवारी लोकांना डोंगरावर नेतो. गेल्या उन्हाळ्यातल्या आगीनं वरचं जंगल काळंठिक्कर पडलंय, आणि ते बघायला काय एकेक नग येतात! परवा पांढरीशुभ्र पँट घातलेल्या बाईंनी फोटोसाठी कोळसा झालेल्या खोडाला मिठी मारली. पँट काळी झाली म्हणून डाफरल्या माझ्यावर! त्यांचे यजमान वाट सोडून थेट कोवळ्या अंकुरांवर उभे. मी म्हटलं, काका, जे उगवतंय त्याच्या डोक्यावर तरी नाचू नका.

कॉलेजात व्याख्यान द्यायला आलेली ती रोपवाली, जिच्यापायी मी इथे आलो, ती वरच असते. आगीनंतर काय उगवतं याचा अभ्यास करते. माझ्याशी एकच वाक्य बोलते, वाट सोडू नका. तेही सगळ्यांना मिळून. पुढच्या रविवारी मनातलं सांगून सोक्षमोक्ष लावणार. बाबांना यातलं एक अक्षरही कळू देऊ नकोस.

माया आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

१६ एप्रिल

चि. भडकू यास,
अ. उ. आ.

हसावं की कपाळ बडवावं कळेना. आम्ही सगळ्यांनी व्याख्यानांत झोपा काढून पदव्या मिळवल्या. एक व्याख्यान जागेपणी ऐकून कॉलेज सोडणारा तूच. त्या बाईंना हसतोस, पण त्या फोटो काढून घरी तरी गेल्या! तुझे भाऊजी विचारत होते, त्या मुलीला याचं नाव तरी ठाऊक आहे का. मी म्हटलं, बुटाचा नंबर असेल.

सांगायचंच तर शर्टाला इस्त्री कर, आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस. आई विचारते, वेळेवर जेवतोस ना? बाबा काही विचारत नाहीत, पण मी तुझं पत्र घेऊन माहेरी गेले की पेपर खाली ठेवतात.

डोकं थंड ठेव, पत्र टाकत जा.
तुझी ताई

२३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रिकाम्या हातानं जाऊ नकोस म्हणालीस ना? घे आता! इथे फुलवाला कुठला? वर काळ्या मातीत जांभळी फुलं आली होती, डोंगरावरची पहिलीच. भोवती चार खुंट्या, सुतळी. मला वाटलं, त्या फोटोवाल्या टोळधाडीसाठी असेल. आपण थोडेच त्यातले? सुतळी ओलांडली आणि खुडली. सगळी, ताई! अर्धवट काम मला जमत नाही.

गुच्छ पाहून ती मटकन खाली बसली. मला वाटलं, लाजली. तो चौकोन तिचा होता. फुलं बी किती धरतात हे बघायला आग विझल्यापासून राखलेला. बी धरायच्या आतच मी कारभार उरकला. मग ती जे बोलली, ते आईच्या हाती पडणाऱ्या पत्रात लिहिता येत नाही. डोंगराच्या फाटकाच्या आत मला बंदी. पुढच्या वर्षी फुलं परत आली तरच तोंड दाखव, असं बजावलंय.

दाखव म्हणाली, ताई! नकार असा असतो का? भाऊजींना विचार, हसले तर कळवू नकोस.

आता रविवार मोकळे आहेत. माझी पुस्तकं रद्दीत गेली नसतील तर एक पाठव. बाबांचा गैरसमज नको, वनस्पतिशास्त्राचं तेवढंच. बी केव्हा धरतं ते बघायचंय.

रागाव, पण विसरू नकोस.
तुझा धाकटा